सीरियन लटाकिया परत आणायचा असेल, तर आधी लाकडाचं बोला

पाइपच्या तंबाखूची मिश्रणं करणारे, पानांचे व्यापारी आणि जुन्या डब्यांवर जीव टाकणारे संग्राहक, अशा सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सीरियातला अस्सल लटाकिया पुन्हा मिळेल का, हा प्रश्न आपल्यापैकी कुणीतरी अधूनमधून उकरून काढतं आणि मग ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणतो, बियाणं शोधा. दुसरा म्हणतो, निर्बंध उठलेत, आता अडलंय कुठे? तिसरा लिलावात एखादा जुना डबा केवढ्याला गेला ते सांगून सुस्कारा सोडतो. पुढे काही होत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे न पटणाऱ्यांना पुढचं चरफडत वाचायला मोकळीक. हा तंबाखू परत येऊ शकतो. पण त्याची सुरुवात बियाण्यापासून होणार नाही, लाकडापासून होईल. आणि लाकडाचं गणित जमणार नसेल तर तो परत येऊच नये, असं माझं मत आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं हे दुसरं वाक्य ऐकायचं नसतं.

नव्याने पाइपकडे वळलेल्यांसाठी थोडी माहिती. पूर्वेकडचा लहान पानांचा तंबाखू उन्हात वाळवून, बंद कोठीत आढ्याला टांगून, खाली लाकडं धुमसत ठेवली की आठवड्यांमागून आठवडे तो धूर पानात मुरतो. असं धुरावलेलं पान म्हणजे लटाकिया. सीरियाच्या भूमध्य किनाऱ्यावर लटाकिया बंदर आहे आणि त्याच्या पाठीशी जबल अन्सारियाची डोंगररांग. मूळचा माल या डोंगरातला. तिथे धुरावलेल्या पानाला 'अबू रीहा' म्हणत आणि त्यासाठी 'शेक-अल-बिंत' नावाची जात लावत. पानं-फुलं एकत्रच जमिनीवर उन्हात वाळवायची आणि मग कोठीत तेरा ते पंधरा आठवडे धुरी द्यायची. जाणकारांच्या वर्णनांत लाकूड येतं ते मुख्यतः बलुताचं (ओकचं) आणि पाइनचं, जोडीला थोडं देवदार, थोडं जुनिपर.

हा शोध कसा लागला याची एक गोष्ट सगळे सांगतात. एका वर्षी पीक फार आलं, विकलं गेलं नाही, लोकांनी ते घराच्या आढ्याला बांधून ठेवलं, हिवाळाभर खालच्या शेकोटीचा धूर खाऊन ते काळं पडलं आणि वसंतात कुणीतरी ओढून बघितलं. गोष्ट झकास आहे. तंबाखूच्या जगातली निम्मी मिश्रणं अशीच 'चुकून' सापडलेली असतात, त्यामुळे मी ती मिटल्या तोंडाने ऐकतो. पण तिच्यातला एक तपशील मला खरा वाटतो: धुरासाठी वेगळं लाकूड आणलं नव्हतं, घराला ऊब द्यायला जे जळत होतं त्याचाच धूर वापरला गेला. परदेशातली मागणी वाढल्यावर तंबाखूसाठी म्हणून लाकूड तोडावं लागलं, आणि गणित बिघडलं ते तिथे.

आज बहुतेक डब्यांत जो लटाकिया असतो तो सायप्रस वळणाचा. त्याचं पान स्मिर्ना जातीचं आणि धुरी रूमी मस्तकीच्या झुडपाची, मर्टलची, पाइन आणि सुरूच्या (सायप्रेस) झाडांची. रंग जवळजवळ काळा, वास चामड्याचा आणि गोडसर, धूर जाड. जुन्या मिश्रणातून सीरियन पानाची फीत चिमटीने काढून उजेडासमोर धरली तर ती काळी दिसत नाही, लालसर तपकिरी दिसते, महोगनीच्या लाकडाचा रंग. बोटांत ती पातळ आणि कोरडी लागते. वासात धूर असतोच, पण त्याच्या मागून द्राक्षाच्या दारूसारखी आंबूस धार येते. पाइपमध्ये सायप्रसचा लटाकिया तोंडभर पसरतो, सीरियन मात्र जिभेच्या कडांना लागून सरकतो. ज्यांनी दोन्ही ओढलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ज्यांनी नाही ओढले त्यांनी ओढायलाच हवेत असं काही नाही, तंबाखूच आहे शेवटी.

सीरियात धुरीचं काम का आटलं, याचं जाणकार देतात ते कारण जंगलतोडीचं. डोंगर उघडे पडू लागले, सरकारने लगाम घातला आणि मिश्रणवाल्यांनी सायप्रसकडे मोर्चा वळवला. शिल्लक माल गोदामांतून पुरवून पुरवून वापरला गेला. २००४ मध्ये अमेरिकेत एका गोदामाला आग लागली आणि तिथले नावाजलेले मिश्रणकार जी. एल. पीज यांच्यासाठी ठेवलेला सीरियन लटाकिया तिच्यात गेला. 'बोहेमियन स्कँडल' आणि 'रेव्हन्स विंग' ही त्यांची मिश्रणं त्यानंतर बंद झाली. आज लिलावात त्या डब्यांना जी बोली लागते, तिच्यात तंबाखूइतकंच मोल त्या आगीच्या कहाणीचं आहे.

आता पुनरुज्जीवनाचं. आपल्या धंद्यात हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली म्हणजे नावाचं पुनरुज्जीवन. 'बाल्कन सोब्रानी' हे नावाजलेलं मिश्रण बाजारातून गेलं आणि २०११ मध्ये जर्सी बेटावरच्या जर्मेनने ते नव्याने बनवलं. डनहिलची पाइप-मिश्रणं २०१८ मध्ये थांबली आणि त्यातली बरीचशी पुढे पीटरसनच्या नावाने दुकानात आली. यात फसवणूक नाही. मिश्रण म्हणजे एक कृती असते, आणि मिळतील त्या पानांतून कृतीच्या जवळ जाणं हीच तुमची कारागिरी. पण जुनं पान त्यातून परत येत नाही.

दुसरी गोष्ट पानाचं पुनरुज्जीवन. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात धडधडीत उदाहरण लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशच्या पेरीक तंबाखूचं. मिसिसिपीच्या काठचा तो लहानसा पट्टा. पानांच्या जुड्या व्हिस्कीच्या पिंपात ठासायच्या, वरून स्क्रू-जॅकने दाब द्यायचा, पानांचा स्वतःचा रस सुटून त्यात ती आंबू द्यायची, मध्ये पिंप उघडून जुड्या उलटसुलट करून पुन्हा दाबायच्या, असं वर्षभर. विसाव्या शतकाच्या अखेरीला हे करणारे शेतकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. मग ते तगलं कशामुळे? पाइप ओढणाऱ्यांच्या हळहळीमुळे नक्कीच नाही. 'अमेरिकन स्पिरिट' सिगारेटी बनवणाऱ्या सांता फे नॅचरल टोबॅको कंपनीने पेरीक घ्यायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याला दरवर्षी येणारं गिऱ्हाईक मिळालं. २००५ मध्ये एल. ए. पोशे ही तिथली जुनी कंपनी नव्या मालकाच्या हाती गेली आणि पिंपं भरत राहिली. आपला लाडका पेरीक सिगारेटवाल्यांनी वाचवला, हे पचायला जड जातं खरं.

मात्र पेरीकचा धडा उचलून सीरियावर चिकटवू नका. लुइझियानात पिंपं होती, जागा होती, कृती जाणणारी माणसं शेतावर होती, आणि मुख्य म्हणजे पेरीकला झाड तोडावं लागत नाही. तिथे अडलं होतं ते फक्त गिऱ्हाईक. सीरियात नुसतं गिऱ्हाईक आणून उभं केलंत, तर पूर्वी जंगलतोडीचं जे झालं तेच पुन्हा होईल.

बियाण्याबद्दल तुम्ही एवढी काळजी का करता, हे मला कधी उमगलं नाही. तंबाखूचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया मावतात. झाड स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे जात टिकवायला मोठा खटाटोप लागत नाही, आणि थंडाव्यात बी वर्षानुवर्षं जगतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या तंबाखू-संग्रहात दोन हजारांहून अधिक वाण जपलेले आहेत. शिवाय लटाकिया आणि तार्तूसच्या मागच्या डोंगरात तंबाखूची शेती थांबलेली नाही. तो माल सरकारी तंबाखू संस्थेकडे जातो. थोडक्यात, पीक गेलेलं नाही, धुरी गेली आहे. बी शोधत फिरणं सोपं आणि रोमांचक असतं, म्हणून सगळे तिकडे धावतात.

धुरीचं शास्त्र बघा. लाकडातलं लिग्निन धुमसताना तुटतं आणि त्यातून फिनॉल वर्गातली वासाची द्रव्यं बाहेर पडतात. बलुतासारख्या रुंद पानाच्या झाडांच्या लाकडातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल अशी दोन्ही मिळतात. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडातून मुख्यतः ग्वायाकॉल, वर राळेतली टर्पिनं. म्हणजे कोठीत बलूत किती आणि पाइन किती, यावर पानाचा वास ठरतो. उद्या शेक-अल-बिंतचं शुद्ध बी हाती लागलं आणि कुणी ते दुसऱ्या देशात लावून तिथल्या ओळखीच्या लाकडावर धुरावलं, तर निघेल ते चांगलंही असेल. पण सीरियन लटाकिया नसेल. सायप्रसने हे आपल्याला केव्हाच दाखवून दिलंय.

मग बलूत आणि पाइन आणायचं कुठून? इथे दोन झाडांच्या स्वभावातला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बलूत तोडलं तरी खोडातून पुन्हा फुटवा येतो. पाळीपाळीने तोडत, मधल्या वर्षांत फुटवा वाढू देत, तेच राखण (राखलेलं रान) वर्षानुवर्षं लाकूड देऊ शकतं. भूमध्य प्रदेशात ही रीत जुनी आहे. तिथलं पाइन मात्र तोडलं की संपलं, ते बियांतूनच नव्याने उगवतं. म्हणून ज्याला धुरी पुन्हा पेटवायची आहे, त्याच्या कागदावर पहिली ओळ ही हवी: बलूत फुटव्याच्या राखणातून, पाइन फक्त छाटणीचं, आणि एक किलो पानाला किती किलो लाकूड लागतं याची प्रत्यक्ष वजन करून केलेली नोंद. ही नोंद कुणी दाखवत नाही तोवर 'शाश्वत' वगैरे शब्द डब्यावर छापू नका.

यावर एक चतुर तोडगा सुचवला जाईल, तो आधीच खोडून ठेवतो. २०२०च्या ऑक्टोबरात त्या डोंगरात भयंकर वणवे लागले. करदाहा इथे सरकारी तंबाखू संस्थेच्या गोदामाचा काही भागही त्यात कोसळला. २०२५च्या जुलैत पुन्हा हजारो हेक्टर रान जळालं. आता कुणी म्हणेल, एवढं जळकं लाकूड पडलंय, तेच धुरीला वापरा, झाड तोडायलाच नको. ऐकायला निर्मळ वाटतं. पण जळक्या लाकडाला परदेशी चलनात भाव मिळतो हे डोंगरात एकदा कळलं, की पुढच्या उन्हाळ्यात काडी कुठे पडेल याचा विचार करा. ज्या रानात लाकूड विकायला आग उपयोगी पडते, तिथे आगी वाढतात.

जमेची बाजूही आहे, आणि ती मोठी आहे. लटाकिया हा मिश्रणातला मसाला, मुख्य जिन्नस क्वचितच. पन्नास ग्रॅमच्या डब्यात तीस टक्के धरला तरी पंधरा ग्रॅम. एक टन धुरावलेल्या पानात सहासष्ट हजारांवर डबे होतात. अशा लहान पानांच्या तंबाखूचं उत्पन्न हेक्टरी टनाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, म्हणजे सारी जमीन धरली तरी दोन-तीन हेक्टरांची बात. जगभरात पाइप ओढणारे आता उरलेत किती! आपण थोडे आहोत, या एका गोष्टीमुळे ही योजना शक्य कोटीत येते. फक्त ती लहानच ठेवावी लागेल. पहिल्या वर्षी डबे हातोहात खपले म्हणून दुसऱ्या वर्षी दसपट माल मागायचा मोह तुम्हाला होणार, हे मी आजच लिहून ठेवतो.

आणि माणसं? त्या डोंगरातली वस्ती मोठ्या प्रमाणात अलवी पंथाची. तंबाखूत सरकारची मक्तेदारी तिथे काल-परवाची नाही. उस्मानी काळात, १८८४ पासून, रेजी कंपनीला तंबाखूचा मक्ता होता आणि चोरटा माल पकडायला तिचे हत्यारबंद पहारेकरी फिरत. पुढेही भाव ठरवला तो खरेदीदारानेच, पिकवणाऱ्याने कधीच नाही. २०११ पासूनचं यादवी युद्ध, डिसेंबर २०२४ मध्ये कोसळलेली असद राजवट, मार्च २०२५ मध्ये याच किनारपट्टीवर झालेलं हजाराहून अधिक लोकांचं हत्याकांड, ज्यात अलवी नागरिक मोठ्या संख्येने मारले गेले. त्यानंतर अमेरिकेने निर्बंधांचा मोठा भाग उठवला आणि लगेच आपल्याकडे 'आता माल येईल' अशी कुजबूज सुरू झाली. मला ती ऐकून लाज वाटली. घरं जळालेल्या माणसांच्या दारात 'आजोबा धुरी कशी द्यायचे हो?' असं विचारत जाणं बरं दिसत नाही. तिथल्या कुणाला हे काम हवं असेल तर त्याने भाव सांगावा आणि तुम्ही पाच वर्षांचा खरेदीचा शब्द लेखी द्यावा. त्याने भाव सांगितलाच नाही, तर विषय संपला. घासाघीस करायची हौस असेल तर ती लिलावातल्या डब्यांवर भागवा.

आरोग्याचं बोललो नाही तर पत्र अप्रामाणिक होईल. धुरावलेल्या पानात कर्करोगकारक पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बनं साध्या वाळवलेल्या पानाहून जास्त असतात. धूर आत न घेता नुसता तोंडात घोळवला तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपवाल्यांना चुकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण करारात सीरियाही आहे. त्याचं सतरावं कलम तंबाखू पिकवणाऱ्यांना दुसऱ्या रोजगाराचा आधार देण्याबद्दल आहे आणि अठरावं पर्यावरण जपण्याबद्दल. तेव्हा ज्यांनी तंबाखू सोडून ऑलिव्ह किंवा संत्री लावली, त्यांना पुन्हा या पिकाकडे ओढायचा अधिकार आपल्याला नाही. आज जे तंबाखूच पिकवतात त्यांच्याच थोड्या मालाला जास्त भाव, एवढीच मर्यादा माझ्या डोक्यात आहे. आणि लोकशिल्पाचा वारसा वगैरे आव आणू नका. आपल्याला ती चव हवी आहे, एवढंच खरं आहे.

मध्यंतरी एका विक्रेत्याकडून मी 'सीरियन पद्धतीचा' असं ठळक छापलेला डबा मागवला. उघडला तर आत नेहमीचा काळा सायप्रसच, वरून कसला तरी आंबूस वास मारलेला. विचारणा केली तर उत्तर आलं, पद्धतीचा म्हटलंय, सीरियाचा कुठे म्हटलंय? कायद्याने त्याचं बरोबर असेलही. पण उद्या कुणी खरंच डोंगरात दोन हेक्टर लावून, लाकडाचं वजन करून, तीन-साडेतीन महिने धुरी देऊन पान आणलं, तर त्याचा डबा याच डब्याशेजारी दुप्पट किमतीला मांडलेला असेल, आणि गिऱ्हाईक कुठला उचलेल ते सांगायला नको. म्हणून डब्यावर तीन गोष्टी छापायला आतापासूनच सुरुवात करा: पान कुठे पिकलं, कुठे धुरावलं, कुठल्या लाकडावर. आज सायप्रसच्या मालावरही छापा. त्याला काही खर्च येत नाही.

आणि संग्राहकांना एक मागणं. नवं पान आलंच तर ते जुन्याशी ताडून कशावर बघणार? आठवणीवर विसंबून चालणार नाही. डब्यात लटाकिया वर्षागणिक मवाळ होत जातो आणि आपण जी चव 'अस्सल' म्हणून सांगतो ती निम्मी डब्यातल्या वीस वर्षांची असते. पण धुरीच्या कोठीतल्या लाकडाच्या काही खुणा पानात उरलेल्या असणार, आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीवर त्या तपासता येतात. त्यासाठी २००४ पूर्वीचा सीलबंद माल लागेल, आणि तो फक्त तुमच्या कपाटांत आहे. पुढचा डबा लिलावाला काढण्याआधी त्यातल्या सीरियन फिती निवडून पाच ग्रॅम वेगळ्या काढा आणि काचेच्या बाटलीत बंद करून ठेवा. डबा उघडल्याने भाव पडेल, हे मला ठाऊक आहे. तरीही मागतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पाइप ओढणारा एक वाचक